घरगुती मुक्तस्रोत प्रकल्प

मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आणि बाजारात सुटे मिळणारे इलेक्ट्रॉनिक भाग वापरून घरातल्याच हौशी माणसाने उभी केलेली घरगुती यंत्रणा. गच्चीवरची टाकी भरली की मोटर बंद करणे, कुटुंबाचे फोटो घरातल्या डिस्कवर साठवणे, जाहिराती राउटरपाशीच अडवणे, दिवे-पंखे फोनवरून चालवणे ही त्यातली नेहमीची कामे. अशी कामे करणारे बहुतेक जण पुढे करायच्या कामांची यादी बाळगतात आणि ती सहसा संपत नाही. पहिल्या कामासाठी एक छोटा संगणक चोवीस तास चालू ठेवावा लागतो. तो बराच वेळ नुसताच बसून असतो, आणि मग त्याच्याकडून आणखी काय करून घेता येईल याचे बेत सुरू होतात.

मुक्तस्रोत म्हणजे केवळ फुकट नव्हे. प्रोग्रामची मूळ संहिता कोणालाही वाचता यावी, बदलता यावी आणि बदललेली पुढे देता यावी, असा परवाना त्यात अभिप्रेत असतो. घरापुरता याचा अर्थ अगदी व्यवहाराचा आहे. अमेरिकेत रिव्हॉल्व्ह या कंपनीचा, घरातली उपकरणे एकत्र जोडणारा हब विकला जात असे. २०१४ मध्ये गूगलच्या मालकीच्या नेस्टने ती कंपनी घेतली आणि मे २०१६ मध्ये हबला लागणारी सेवा बंद केली. लोकांच्या घरातले हब शाबूत होते, पण निकामी झाले. मुक्तस्रोत प्रोग्रामच्या मूळ लेखकाने काम सोडले, तरी घरात बसवलेली प्रत चालत राहते आणि दुसरा कोणी ती पुढे नेऊ शकतो.

पूर्वपीठिका : घरातल्या विजेच्या तारांमधूनच संदेश पाठवून दिवे चालवण्याची एक्स१० ही पद्धत १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्लेनरॉथस येथील पिको इलेक्ट्रॉनिक्सने तयार केली. १९९० च्या दशकाअखेर हौशी मंडळी लिनक्स या मुक्तस्रोत कार्यप्रणालीवरून ती चालवू लागली. २००२ मध्ये टीव्हीचे कार्यक्रम संगणकावर ध्वनिमुद्रित-चित्रमुद्रित करणारा मिथटीव्ही आला. मात्र या काळात त्यासाठी आख्खा संगणक गुंतवावा लागे.

कलाटणी मिळाली ती एका राउटरमुळे. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरमध्ये लिनक्स वापरले आहे, हे २००३ मध्ये जाणकारांच्या लक्षात आले. लिनक्सच्या परवान्यानुसार, त्यावर बेतलेले सॉफ्टवेअर विकणाऱ्याने त्याची संहिता खुली करणे भाग असते. लोकांनी तगादा लावला, कंपनीने संहिता प्रसिद्ध केली, आणि २००४ मध्ये तिच्यातूनच ओपनडब्ल्यूआरटी हा राउटरसाठीच्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचा प्रकल्प उभा राहिला. विकत आणलेल्या डब्यात आपला प्रोग्राम घालता येतो, ही समजूत त्यानंतर रुळली. आजही जुन्या राउटरला नवे आयुष्य देणे हे यादीतले पहिले काम असते, आणि नवशिक्यासाठी ते चांगलेही आहे: बिघडले तर नुकसान एका भंगार डब्याचे.

पुढे भाग स्वस्त होत गेले. इटलीतल्या इव्रेआ येथे २००५ मध्ये आर्डुइनो हा प्रोग्राम घालता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड तयार झाला. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी केंब्रिजमधून रास्पबेरी पाय हा छोटा संगणक ३५ डॉलरला विक्रीस आला. २०१४ मध्ये शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी८२६६ ही वायफाय चिप बाजारात आली. सुरुवातीला ती दुसऱ्या बोर्डाला वायफाय जोडून देणारा पूरक भाग म्हणून विकली जाई. तिच्यातच प्रोग्राम चालवता येतो हे कळल्यावर दुसऱ्या बोर्डाची गरज उरली नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीच्या परिसरात असे सुटे भाग हाताळून, घासाघीस करून घेता येतात.

घरभरच्या उपकरणांना एका सूत्रात बांधणारा होम असिस्टंट हा प्रोग्राम पॉलस स्काउटसेन यांनी २०१३ मध्ये पायथन भाषेत लिहायला घेतला. सूर्यास्ताला दिवे लावणे एवढेच सुरुवातीचे निमित्त होते. आता तो ओपन होम फाउंडेशन या २०२४ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेकडे आहे. त्याच्याआधीचा, २०१० चा ओपनहॅब हा तशाच कामाचा प्रोग्राम जावा भाषेत आहे. तोही वापरात आहे, पण नवा माणूस बहुधा होम असिस्टंटकडे वळतो.

टाकी आणि मोटर : महाराष्ट्रातल्या यादीत हे काम अग्रभागी असते, कारण अनेक ठिकाणी पाणी ठरावीक वेळेलाच येते आणि मोटर लावून विसरणे हा घरोघरचा प्रकार आहे. झाकणाच्या आतून खाली तोंड करून एक जलरोधक अल्ट्रासॉनिक सेन्सर बसवतात. तो सोडलेला ध्वनी पाण्यावर आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजतो. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, म्हणून एक मीटर खाली असलेल्या पाण्याचा प्रतिध्वनी साधारण ५.८ मिलिसेकंदांत येतो. हिशेब शाळेतलाच आहे. अडचण वेगळीच असते: या सेन्सरांना वीसेक सेंटिमीटरच्या आतले दिसत नाही. टाकी काठोकाठ भरत आली, म्हणजे आकडा सर्वांत महत्त्वाचा असतो नेमक्या त्या वेळी, तो बेभरवशाचा होतो. म्हणून झाकणावर पाइपचा तुकडा उभा करून सेन्सर उंच घेतात. उन्हाळ्यात झाकणाच्या आतल्या बाजूला वाफेचे थेंब साचतात आणि सेन्सरवर बसतात. पाणी पडणाऱ्या पाइपाजवळ सेन्सर असला, तर प्रतिध्वनी पाइपावरूनच परततो आणि टाकी कायम भरलेली दिसते.

सेन्सरचा आकडा घरातल्या संगणकाकडे जातो तो एमक्यूटीटी या पद्धतीने. ती १९९९ मध्ये अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लन निपर यांनी तेलवाहिन्यांवरच्या मापकांसाठी तयार केली. तिथली माहिती महागड्या उपग्रह जोडणीवरून यायची, त्यामुळे संदेश जेमतेम काही बाइटांचा असावा लागे. तोच काटकसरीपणा तीनशे रुपयांच्या चिपला सोयीचा पडला. टाकी फक्त ‘पातळी ८२’ एवढे एका मध्यस्थ प्रोग्रामला कळवते. कोणाला ऐकायचे ते ज्याचे त्याने ठरवायचे. मोटर ऐकते, फोन ऐकतो, हवे तर स्वयंपाकघरातला दिवाही.

मोटर चालवताना मात्र हौशीपणा आवरता घ्यावा लागतो. बाजारातल्या निळ्या रिलेवर, म्हणजे चिपच्या इशाऱ्याने चालणाऱ्या स्विचवर, १० अँपिअर लिहिलेले असते आणि एक अश्वशक्तीची, म्हणजे ७४६ वॉटची मोटर २३० व्होल्टवर त्याहून कमीच प्रवाह घेते. पण सुरू होताना ती चालू प्रवाहाच्या काही पट प्रवाह खेचते. त्या धक्क्याने रिलेचे संपर्क एकमेकांना चिकटतात आणि मग मोटर बंदच होत नाही. यासाठी रिलेने कॉन्टॅक्टर, म्हणजे जड प्रवाह पेलणारा मोठा स्विच, चालवायचा आणि कॉन्टॅक्टरने मोटर. दुसरी सावधगिरी प्रोग्राममधली: सेन्सर गप्प झाला किंवा वायफाय गेले, तर ठरलेल्या मिनिटांनी मोटर बंद व्हायलाच हवी, आणि हा नियम मोटरजवळच्या चिपमध्ये लिहिलेला असावा. संगणकावर लिहिला, तर संगणक बंद पडलेल्या दिवशी गच्चीवरून धबधबा.

स्विचबोर्ड : परदेशी मार्गदर्शनात सगळ्यात जास्त रडगाणे असते ते न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी, तार नसल्याचे. तिकडच्या अनेक जुन्या घरांत स्विचच्या डबीत फक्त फेज येते-जाते आणि वायफायच्या चिपला चालू राहायला न्यूट्रल लागते. आपल्याकडच्या बोर्डावर बहुधा स्विचांच्या शेजारीच एक सॉकेट असते, त्यामुळे न्यूट्रल हाताशी सापडते. ही आयती सोय आहे. अडचण जागेची. जुन्या बोर्डामागे तारांचा गुंता इतका असतो, की काडेपेटीएवढा रिले बसवताना पट्टी परत लागत नाही. डबी पत्र्याची असली तर वायफायही क्षीण होते.

पंख्याचे प्रकरण निराळे. दिव्याचा डिमर पंख्याला लावला की तो गुरगुरतो आणि तापतो. पायरीपायरीने वेग बदलणाऱ्या रेग्युलेटरमध्ये कपॅसिटर असतात, तेच दोन-तीन रिलेंनी आलटून-पालटून जोडावे लागतात. मूळ तारजोडणी ज्याला वाचता येत नाही त्याने हे काम वायरमनवर सोपवावे.

या प्रकारात चांगल्या-वाईटाची एक साधी कसोटी लावता येते: भिंतीवरचे बटण पूर्वीसारखे चालते का? जिन्यातला दिवा वरून आणि खालून लावता येतो, तशी टू-वे जोडणी करून किंवा रिलेला बटणाची जादा तार देऊन हे साधते. ज्या घरात आजींना दिवा लावायला फोन मागावा लागतो, तिथला प्रकल्प तांत्रिकदृष्ट्या कितीही देखणा असला तरी प्रस्तुत नोंदकार त्याला फसलेला समजतो.

साठवण आणि जाळे : गूगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून थांबली. घरच्या डिस्कवर फोटो ठेवणारा इमिच २०२२ मध्ये आला आणि झपाट्याने पसरला. फायलींसाठी नेक्स्टक्लाउड (२०१६) आणि चित्रपट-गाण्यांसाठी जेलीफिन (२०१८) वापरतात. दोन्हींचा जन्म फाटाफुटीतून झाला आहे: पहिला ओनक्लाउड या आधीच्या प्रकल्पातून, दुसरा एम्बी या प्रकल्पाने संहिता बंद केल्यावर. घरची डिस्क ही एकच प्रत असेल तर ती साठवण नव्हे, जुगार आहे. दुसरी प्रत दुसऱ्या घरी असावी; अनेक जण गावच्या घरी किंवा भावाकडे एक डिस्क ठेवतात आणि सणासुदीला गेले की बदलून आणतात.

वीज हा यातला विसरला जाणारा खर्च. रास्पबेरी पाय सुमारे ४ वॉट घेत असला, तर महिन्याला ३ युनिट पडतात. माळ्यावरचा जुना डेस्कटॉप ६० वॉट घेत असला, तर ४३ युनिट, आणि महावितरणच्या बिलात तेवढ्याने १०० युनिटांचा टप्पा सहज ओलांडला जातो. म्हणून कंपन्यांनी काढून टाकलेले छोटे मिनी पीसी लोकप्रिय झाले; साथीच्या काळानंतर रास्पबेरी पाय मिळेनासा झाला तेव्हा तर अधिकच. लाइट अचानक गेली की पायचे मेमरी कार्ड खराब होते. कार्डाऐवजी एसएसडी आणि राउटरसकट सगळ्याला छोटा यूपीएस, हे दोन उपाय बहुतेकांना एकदा फटका बसल्यावरच सुचतात.

पाय-होल हा प्रोग्राम जाहिराती पाठवणाऱ्या संकेतस्थळांची नावेच ओळखायला नकार देतो, म्हणून घरातल्या टीव्हीपासून फोनपर्यंत सर्वांना त्याचा लाभ होतो. जाहिरात आणि मजकूर एकाच नावावरून येत असले, तर त्याचे काही चालत नाही. यूट्यूबच्या जाहिराती त्यामुळेच टिकून राहतात. पाय-होल बंद पडला की घरादाराचे इंटरनेट बंद पडते आणि यजमानाला कामावर असताना फोन येतो.

बाहेरून घरात शिरायचे, तर भारतातल्या बऱ्याच जोडण्यांवर इंटरनेटवरचा एकच (आयपी) पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो, त्यामुळे घराचा दरवाजा बाहेरून सापडतच नाही. तो राउटरवर सरसकट उघडा टाकण्याचा सल्ला कोणी दिला, तर ऐकू नये. लिनक्सच्या गाभ्यात मार्च २०२० मध्ये आलेला, दोन ठिकाणांमध्ये गुप्त मार्ग जोडणारा वायरगार्ड आणि त्यावर आधारलेल्या सेवा हा सुरक्षित मार्ग आहे.

आवाजाने आज्ञा देण्याची सोय यादीत वर असते, पण मराठीत ती अजून कच्ची आहे. २०२२ मध्ये खुले झालेले व्हिस्पर हे बोलणे ओळखून लिहून देणारे मॉडेल मराठी ओळखते. मात्र घरच्या छोट्या संगणकाला पेलणारी त्याची लहान रूपे शब्द बरेच चुकवतात. ‘हॉलचा पंखा बंद’ इतपत ठरीव वाक्यांवर काम भागवावे लागते.

नोंदी ठेवणे हे यादीत कधीच नसलेले काम. कोणती तार कुठे गेली, कोणता डबा कशासाठी, पासवर्ड कुठे आहेत, हे बसवणाऱ्याच्या डोक्यातच राहते आणि तो परगावी असताना घरचे हतबल होतात. अनुभवी मंडळी बोर्डाच्या झाकणाच्या आत एक कागद चिकटवतात. सगळी यंत्रणा बाजूला सारून मोटर हाताने चालू-बंद करायची कळ कोणती, हे त्यावर सर्वांत वर, ठळक अक्षरात लिहिलेले असते.