पीटीचा तास आणि डोळ्यातला रव्याचा कण

माझ्या भाचीला गेल्या महिन्यात चष्मा लागला, मायनस दीड, वय वर्षं आठ. घोडबंदर रोडला टॉवरमध्ये राहतात. त्याआधी सहा महिने डायरीत रिमार्क येत होते, लक्ष नसतं, फळ्यावरचं अर्धवट उतरवते, आणि ताई तिला रोज धारेवर धरत होती. पोरगी शेजारणीच्या वहीत बघून लिहायची, तिच्या चुकाही जशाच्या तशा, 47 च्या जागी 41, आणि आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की हिला फळाच दिसत नाहीये. तिला वाटायचं सगळ्यांना असंच दिसतं.

घरात निकाल लगेच लागला: मोबाइल. आता तासन्‌तास जवळचं बघणं वाईटच, मग ते पुस्तक का असेना, पण यात एक आरोपी नेहमी सुटतो, तो म्हणजे उजेड, किंवा खरं तर त्याचा अभाव.

मायनस नंबरवाला डोळा लांबट झालेला असतो, इतकंच. जन्मतः डोळा पुढून मागे साधारण 17 मिमी, मोठेपणी 24 च्या आसपास, जवळपास पाच रुपयाच्या नाण्याएवढा. त्यात 1 मिमी जास्तीचा वाढला की नंबर अडीच-तीनने सरकतो. म्हणजे भाचीच्या डोळ्यातली चूक साधारण अर्ध्या मिमीची, रव्याच्या एका कणाएवढी! मला तर बाकीच्यांचे डोळे नेमक्या जागी थांबतात कसे याचंच नवल वाटतं.

तर डोळा स्वतःच मोजत मोजत वाढतो. 1977 मध्ये वीझेल आणि राविओला यांनी दाखवलं की माकडाच्या पिल्लाची पापणी शिवून ठेवली तर तो डोळा लांब वाढतो. पण माझा लाडका प्रयोग 1987 चा, जॉश वॉलमन आणि मंडळींचा. त्यांनी कोंबडीच्या पिल्लांच्या डोळ्यावर धूसर झाकण लावलं, तेही अर्ध्याच दृश्यावर, तर डोळ्याचा तेवढाच अर्धा भाग मागे फुगला, उरलेला नॉर्मल. डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस कापली तरी हे होतंच. मेंदूला विचारायची भानगडच नाही, सगळा कारभार लोकल.

हा कारभार चालतो कसा, तर रेटिनात, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्यात, अमॅक्राइन नावाच्या पेशी असतात, त्यातल्या काही भरपूर उजेड पडला की डोपामिन हे रसायन सोडतात (हो, रील्सच्या नावाने बदनाम झालेलं तेच, पण इथे त्याची ड्युटी वेगळी) आणि तो निरोप पुढे कोरॉइड नावाच्या रक्तवाहिन्यांच्या थरातून बाहेरच्या पांढऱ्या कवचापर्यंत, म्हणजे स्क्लेरापर्यंत जातो की बास, वाढ आवर. निरोप क्षीण झाला की कवचाला घट्ट ठेवणारं कोलॅजन कमी होत जातं, कवच ढिलं पडतं, आणि गोळा मागे ताणला जातो. पिल्लांना प्रखर उजेडात ठेवलं पण औषधाने डोपामिनचे रिसेप्टर, म्हणजे त्याचा निरोप घेणाऱ्या जागा, बंद केले तर उजेडाचा फायदा गायब. मध्ये अजून पाच-सहा रसायनं आहेत, ती सोडतो, नाहीतर तुम्ही मला सोडाल.

पालकसभेला गेलो तेव्हा मोबाइलवरच्या, उजेड मोजणाऱ्या लक्समीटर अ‍ॅपने भाचीच्या बाकावर मोजलं, 220 लक्स. खाली मैदानात गुलमोहराच्या सावलीत, नऊ हजार! अ‍ॅप थोडं इकडेतिकडे दाखवतं, पण फरक बघा. भर उन्हात आकडा लाखाच्या घरात जातो आणि पावसाळी ढगाळ दिवसाही बाहेर काही हजार असतात. बाहुली लहानमोठी होते, रेटिनाही जुळवून घेतो, म्हणून वर्ग आपल्याला अंधारा वाटत नाही. सूर्याकडे बघायची गरज नाही, बघूच नका, नुसतं सावलीत हुंदडलं तरी चालतं.

चीनमध्ये ग्वांगझूच्या 12 शाळांत पहिलीच्या मुलांवर हे तपासलं, निम्म्या शाळांत रोज 40 मिनिटांचा एक जादा तास बाहेर. 3 वर्षांनी त्या शाळांत मायनस नंबर लागलेली मुलं 30.4 टक्के, बाकीच्यांत 39.5. तैवानने तर 2010 पासून रोज 120 मिनिटं बाहेर असा देशभर कार्यक्रमच काढला. एकदा लागलेला नंबर याने उतरत नाही हं, फायदा मुख्यतः लागायच्या आधी.

उतरवून देणारे मात्र चिक्कार आहेत. त्राटक, गुलाबपाणी, ब्ल्यू-कट काच, आणि आईचं गाजर, जे रातांधळेपणासाठी ठीक आहे पण लांबलेला डोळा काही आखूड करत नाही. सगळ्यात चिवट समजूत म्हणजे चष्मा लावला की नंबर वाढतो, म्हणून कमी नंबरचा द्या. मलेशियात मुलांना मुद्दाम कमी नंबरचे चष्मे देऊन 2 वर्षं बघितलं, त्यांचाच नंबर जास्त भरभर वाढला.

सरकारी आणि अनुदानित शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम येऊन डोळे तपासते, आणि हा कार्यक्रम 2013 मध्ये सुरू झाला तो पालघरला, तेव्हा ते आपल्या ठाणे जिल्ह्यातच होतं. भाचीची शाळा प्रायव्हेट, तिथे फी पावतीवर हेल्थ चेकअपची ओळ असते, तपासताना कुणी पाहिलेलं नाही.

सभेत मी हात वर करून पीटीच्या तासाचं विचारलं, तर मॅडम म्हणाल्या, सर, पोर्शन राहिलाय ना. भाचीच्या डायरीतल्या टाइमटेबलात बुधवारची पीटी पेनाने खोडून वर मॅथ्स लिहिलंय, अगदी वळणदार अक्षरात, शेजारणीच्या वहीत बघून.