सीएसपी की सीपीव्ही? एकाला उष्णता हवी, दुसऱ्याला नकोच

"कॉन्सन्ट्रेटेड सोलरची एफिशियन्सी कशी वाढवायची" असं कुणी विचारलं की आधी आपणच विचारायचं, कुठल्या? कारण प्रकार दोन: सीएसपी, म्हणजे उन्हाच्या उष्णतेवर वीज, आणि सीपीव्ही, म्हणजे सोलर सेलवर उन्हाची थेट वीज. दोन्हीकडे ऊन एका जागी गोळा करतात, सूर्यामागे फिरतात, आणि ढग आले की दोघांचंही ऊन गोळा करणं थांबतं, पण उष्णतेचं गणित बरोब्बर उलटं.

सीएसपीत सेल नसतोच मुळी. आरसे ऊन रिसीव्हरवर टाकतात, तिथे तेल नाहीतर वितळलेलं मीठ तापतं, त्यावर वाफ, वाफेवर टर्बाइन, म्हणजे औष्णिक केंद्रच म्हणा, फक्त कोळसा नाही. तापमान जितकं वर तितकी त्याच उष्णतेतून वीज जास्त. तेल साधारण 400 अंशांपुढे टिकत नाही, नायट्रेटचं मीठ 565 पर्यंत चालतं. पण रिसीव्हर तापला की तोही उष्णता बाहेर फेकतो, तीही तापमानाच्या चौथ्या घाताने, म्हणून त्याला असं कोटिंग लागतं की ऊन शोषेल पण उष्णता कमी सोडेल.

सीपीव्हीत लेन्स ऊन एका चिमुकल्या सेलवर पाडते आणि वीज थेट तिथेच. सेलमध्ये एकावर एक जंक्शन, म्हणजे प्रकाशाची वीज करणारे थर, प्रत्येक जण प्रकाशाचा आपापला वाटा उचलतो. जर्मनीतल्या फ्राउनहोफर आयएसई या सौरऊर्जा संशोधन संस्थेने 2022 मध्ये चार जंक्शनचा सेल 665 पट उन्हात 47.6 टक्क्यांवर नेला, अर्थात लॅबमध्ये. ऊन दहापट केलं की दर जंक्शनमागे साधारण 60 मिलिव्होल्ट जास्तीचे मिळतात, सगळी गंमत त्यातच आहे. मग हजारो पट का नाही करत? कारण ऊन दहापट केलं की करंटही दहापट होतो, आणि करंट दहापट झाला की रेझिस्टन्समध्ये वाया जाणारी पॉवर शंभरपट होते, बरं सेलवरच्या धातूच्या बारीक रेघा जाड कराव्यात तर त्यांचीच सावली सेलवर पडते, म्हणजे इकडे आड तिकडे विहीर! त्यात सेल तापला की व्होल्टेज पडतं, वरचे मिलिव्होल्ट गेले, म्हणून मागे हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून बाहेर टाकणारा धातूचा भाग, हवाच.

आता 47 टक्के बघून सीएसपीला नावं ठेवू नका, तो आकडा एका सेलचा आहे, अख्ख्या प्लांटचा नाही. शिवाय सीएसपीची उष्णता टाकीत भरून ठेवता येते, स्पेनमधल्या जेमासोलर या सीएसपी प्लांटला 15 तासांचा मिठाचा साठा आहे, तिथे रात्रीही टर्बाइन फिरतं. सीपीव्हीला त्यासाठी वेगळी बॅटरी लावावी लागते.