पालापाचोळ्याच्या धुरात पीव्हीसी जळतंय का, हे कसं कळतं?

थंडीत पहाटे पुण्यात कोथरूड, वारजे, कुठेही फिरायला जा, कोणीतरी झाडून गोळा केलेला पाला पेटवलेला असतोच, आणि त्यात पिशव्या, पीव्हीसी नावाच्या प्लास्टिकचे तुटके पाइप पण असतात. आपल्याला दिसतात ते धुरातले कण, तेही घातकच, पण गॅस दिसत नाहीत. ते बघायला इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा प्रकाश लागतो.

गॅसचा प्रत्येक रेणू सतत थरथरत असतो आणि त्याच्या थरथरण्याशी जुळणारीच वेव्हलेंथ तो शोषतो. कार्बन मोनॉक्साइड 4.7 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास, मिथेन 3.3 ला, अमोनिया 10-11 च्या मध्ये. नायट्रोजन आणि ऑक्सिजन जवळपास काहीच शोषत नाहीत, म्हणून हवेचा मोठा भाग आपोआप वाटेतून बाजूला होतो, हे आपलं नशीबच म्हणायचं. पेट्रोल गाडीची पीयूसी करताना सायलेन्सरमध्ये नळी घालतात ना, ते मशीनही कार्बन मोनॉक्साइड असाच मोजतं, फक्त तिथे हिशोब टक्क्यांत असतो आणि इथे अब्जात काही भाग शोधायचे असतात.

मला सगळ्यात भारी वाटतं ते हायड्रोजन क्लोराइडचं. पीव्हीसीत वजनाने निम्म्याहून जास्त क्लोरीन असतं, ते जळलं की हा गॅस सुटतो, आणि 3.4 मायक्रॉनजवळ त्याच्या रेषा, म्हणजे प्रकाश शोषला गेल्याच्या बारीक खुणा, जोडीजोडीने दिसतात, एक ठळक आणि शेजारी एक फिकी, कारण निसर्गात क्लोरीनच्या अणूचे दोन प्रकार, हलका क्लोरीन 35 आणि जड क्लोरीन 37, साधारण 3:1 प्रमाणात असतात. पानांतही थोडं क्लोरीन असतं हे खरं, पण या जोड्या खूपच ठळक आल्या तर पीव्हीसीवर संशय घ्यायलाच हवा.

गॅस अगदी कमी असेल तर शोषणही नावापुरतं, म्हणून प्रकाशाला जास्त अंतर चालवायचं, दोन आरशांमध्ये पुन्हा पुन्हा फिरवून छोट्या नळीतही कित्येक मीटर, आणि अतिशय उत्तम आरसे असले तर चक्क किलोमीटर. खरा त्रास देते ती वाफ. धुरात पाणी भरपूर आणि त्याच्या रेषा जिकडेतिकडे, मग सॉफ्टवेअर सगळ्या गॅसच्या रेषा एकत्र जुळवून एकेकाचा वाटा काढतं.

याच मोजणीत कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत मोनॉक्साइड किती हेही कळतं, ज्वाळा असताना ते कमी आणि नुसतं धुमसताना बरंच जास्त, आणि दवाने ओला झालेला पाला तर तासनतास धुमसतच असतो.