सुट्टी दहाला, खाट रिकामी चारला

सकाळी दहाच्या राउंडला डॉक्टर सांगतात, "आज घरी जायला हरकत नाही." पेशंट कपडे बदलून बसतो, पिशव्या भरून होतात आणि बघता बघता चार वाजतात. ठाण्यात असो की वाशीत, मोठ्या रुग्णालयात नातेवाइकांना हे सवयीचं झालंय. त्याच वेळी खाली कॅज्युअल्टीत शहापूरहून आलेला कुणी स्ट्रेचरवर पडून "वर बेड झाला की नेतो" हे तिसऱ्यांदा ऐकत असतो.

हिशेब करून पाहा. वॉर्ड 30 खाटांचा, रोज 6 जण दाखल होतात आणि प्रत्येक जण सरासरी साडेचार दिवस राहतो. 6 गुणिले 4.5, म्हणजे सरासरी 27 खाटा भरलेल्या. रांगांच्या शास्त्रातला हा साधा नियम जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केला. त्या साडेचार दिवसांतच निघतानाचे सहा तासही आहेत. सहा जणांचे मिळून 36 तास होतात, म्हणजे बरं झालेली माणसं रोज दीड खाट अडवून बसतात. सहाचे दोन तास केले तर एक अख्खी खाट सुटते, तीही विकत न घेता.

एका खाटेनं काय होतंय, असं वाटेल. पण गर्दी वाढते त्याच प्रमाणात थांबणं वाढत नाही. एकाच खिडकीची रांग घ्या. खिडकी 80 टक्के वेळ गुंतलेली असेल, तर एका माणसाच्या कामाला लागतो त्याच्या चौपट वेळ सरासरी थांबावं लागतं. 90 टक्क्यांना हेच नऊपट होतं, 95 ला एकोणीसपट. वॉर्डात खाटा अनेक असल्यानं आकडे सौम्य होतात, पण शेवटचा चढ तसाच उभा राहतो. पावसाळ्यात डेंगी, मलेरिया, लेप्टोचे रुग्ण एकदम येतात तेव्हा हा चढ लगेच जाणवतो.

मग सहा तास जातात कुठे? उपचारात नक्कीच नाही. राउंड संपेपर्यंत फाइल सिस्टरांच्या काउंटरवर असते, कारण निवासी डॉक्टर सगळ्यांच्या डिस्चार्ज समरी एकदम लिहायला बसतात. मग उरलेली औषधं फार्मसीला परत जातात. ती नोंद झाल्याशिवाय बिल बंद होत नाही. त्यानंतर बिल विम्याकडे जातं. अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावी, असं विमा नियामकाच्या 2024 च्या परिपत्रकात आहे. पण घड्याळ सुरू होतं रुग्णालयाची विनंती पोचल्यावर. ती दुपारी दोनला गेली, तर नियम पाळूनही पाच वाजतात.

यातली बहुतेक कामं आदल्या संध्याकाळी होऊ शकतात. उद्या कोण जाणार याचा अंदाज सिस्टरांना असतोच. समरीचा कच्चा मसुदा, उरलेली औषधं परत करणं, तोपर्यंतचं बिल, राहिलेले रिपोर्ट एवढं रात्रीच उरकलं की सकाळी शेवटची तपासणी आणि सही उरते. राउंडलाही आधी जाणारे पेशंट बघावेत, मग बाकीचे. फुकटचा उपाय आहे, तरी फारसा होत नाही.

खाट रिकामी झाली हे सफाईवाल्यांना कळायलाही अर्धा तास जातो. सफाईत मात्र घाई नको. आधी साबणाच्या पाण्यानं पुसायचं, कारण मळावर हायपोक्लोराइट या जंतुनाशकाचा जोर कमी पडतो. 5 टक्क्यांच्या द्रावणाचा एक भाग आणि पाणी चार भाग घेतलं की 1 टक्क्याचं होतं. ते रोज ताजं करायचं, 10 मिनिटं ओलं राहू द्यायचं आणि लोखंडी कठडे नंतर साध्या पाण्यानं पुसायचे, नाहीतर गंज धरतो.

आणखी एका कामात घाई नको, ते म्हणजे गोळ्या समजावणं. घरी बीपीची टेल्मिसार्टन एका कंपनीची असते, नव्या चिठ्ठीवर तीच दुसऱ्या नावानं. पेशंट दोन्ही घेतो, दाब उतरतो, उठताना चक्कर येऊन पडतो आणि पुन्हा भरती होतो. म्हणून घरची गोळ्यांची पिशवी मागवून जुनी पाकिटं नव्या चिठ्ठीशेजारी ठेवावीत. मग "काकू, सकाळी कुठली घेणार?" असं विचारून त्यांच्याच हातानं ती उचलून दाखवायला सांगावी. पाच मिनिटं लागतात, पण बंद करायची गोळी तिथेच सापडते.