टपावरचे पिवळे दिवे रुंदी वाढवायचा परवाना नाहीत

सोलापूरच्या मार्केट यार्डाबाहेर कांद्याच्या पिकअप उभ्या असतात, तिथं एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: अमेरिकन पिकअपच्या टपावर पाच पिवळे दिवे असतात, कारण ती जास्त वजन ओढते, आपणही तसे लावले की बाजूला फुगलेला माल चालतो. दोन्ही गोष्टी चूक.

त्या दिव्यांचा वजनाशी संबंध नाही, रुंदीशी आहे. अमेरिकेत गाडी 80 इंच, म्हणजे 2032 मिलिमीटर किंवा त्याहून रुंद असेल तर ते सक्तीचे होतात. मधले तीन 'मोठं वाहन येतंय' हे सांगतात, कडेचे दोन गाडीची रुंदी दाखवतात. पुढे पिवळे, मागे लाल. मोजताना आरसे धरत नाहीत. म्हणून फोर्डची साधी एफ-150 जेमतेम 79.9 इंचांवर सुटते, पण तिच्याच रुंद रॅप्टर भावंडाला समोरच्या जाळीत तीन दिवे द्यावे लागतात. मागे जोडचाकं असलेल्या गाड्यांचंही तेच: चाकांमुळे रुंदी वाढते, म्हणून दिवे येतात.

आपली बोलेरो पिकअप साधारण 1.7 मीटर रुंद. तिला या नियमाचं कारणच नाही. आणि माल बॉडीच्या बाजूबाहेर गेला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 194(1अ) खाली 20,000 रुपये दंड, वर माल उतरवण्याचा खर्च. टपावर कितीही दिवे असले तरी. रात्री हैदराबाद रोडला समोरून येणाऱ्या दुचाकीवाल्याला बाहेर आलेली पोती त्या दिव्यांनी दिसत नाहीत, याचीच मला जास्त काळजी वाटते.