कोंड्याची दोन पोती

मिलमधून थेट आलेला तांदळाचा कोंडा एका पोत्यात, तेल काढून उरलेला दुसऱ्यात. व्यापारी दुसऱ्याला डीओआरबी (डी-ऑइल्ड राइस ब्रॅन) म्हणतात. दोन्ही तपकिरी भुकटीच, आणि माशांना खाद्य म्हणून घालताना तळ्यावर दोन्हींना नाव एकच, कोंडा. रोहू-कटल्याला त्यांतून मिळणारी ऊर्जा मात्र सारखी नसते.

घोटाळा होतो तो प्रथिनांच्या आकड्यापाशी. साध्या कोंड्यात साधारण १३ टक्के, तेल काढलेल्यात १५. मग दुसरा सरस? हिशेब करून बघा. १०० किलो कोंड्यात १५ किलो तेल आणि १३ किलो प्रथिनं धरू. कारखान्यानं १४ किलो तेल काढून घेतलं, उरला ८६ किलो माल. प्रथिनं तीच १३ किलो, पण भागायचं आता ८६ नं. झाले १५ टक्के! प्रथिनांत गुंजभर भर पडलेली नाही, गेलं ते फक्त तेल.

आणि तेल म्हणजे ऊर्जेचा सगळ्यात दाट साठा. एका ग्रॅम तेलातून सुमारे ९ किलोकॅलरी मिळतात, पिष्टातून ४. माशाला अंग गरम ठेवायचा खर्च नसतो, पण पोहायला, श्वास घ्यायला, वाढायला ऊर्जा लागतेच. ती तेलातून किंवा पिष्टातून भागली नाही की तो प्रथिनं जाळतो. चुलीत सागवान घालण्यातलाच प्रकार. जळालेल्या प्रथिनांतला नायट्रोजन कल्ल्यांवाटे अमोनिया होऊन पाण्यात उतरतो. प्रथिनांसाठी पेंडीचे पैसे मोजायचे आणि वर तळंही खराब करून घ्यायचं.

‘कोंडा आणि शेंगदाणा पेंड निम्मी-निम्मी’ ही कार्पच्या (रोहू-कटल्याच्या जातकुळीतल्या माशांच्या) खाद्याची जुनी कृती तुम्ही ऐकली असेल. ती जमायची, कारण पेंड (विदर्भात ढेप) घाण्याची असायची, तिच्यात ७-८ टक्के तेल राहायचं. कोंड्यातलं १५ धरलं तर मिश्रणात ११ टक्क्यांच्या आसपास तेल. आज दोन्ही जिन्नस तेल पुरतं काढलेले घेतले तर तीच कृती जेमतेम १ टक्क्यावर येते. कागदावर प्रथिनं वाढलेली दिसतात म्हणून तेलाकडे कोणी बघत नाही. मला विचाराल तर पोत्यावर प्रथिनांइतक्याच ठळक अक्षरांत तेलाचा आकडा हवा.

डीओआरबीत उरतं ते पिष्ट आणि तंतू. तंतू रोहूच्या फारसे कामाचे नाहीत, पिष्ट आहे. रोहूला जठर नसतं, पण आतडं अंगाच्या कित्येक पट लांब असतं आणि त्यात पिष्ट पचवणारे पाचकरस असतात. पिष्ट शिजलेलं असेल तर आणखी चांगलं पचतं; तरंगत्या गोळीखाद्यात ते वाफेनं आणि दाबानं शिजलेलं असतं. जिताडा मांसाहारी. त्याला पिष्ट जेमतेमच सोसतं, ऊर्जा तेलातूनच द्यावी लागते.

आंध्रातल्या कोल्लेरू भागात मात्र मुख्यतः डीओआरबीवरच मोठं कार्पपालन चालतं. भोकं पाडलेल्या पिशव्यांत खाद्य भरून त्या बांबूंना टांगतात, मासे येऊन ओढून खातात. तिथे तळं खतं घालून हिरवंगार ठेवलेलं असतं, आणि प्रथिनांचा व स्निग्धांशाचा मोठा वाटा प्लवंगांतून, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांतून येतो. धरणातल्या पिंजऱ्यात दाटीनं वाढणाऱ्या माशांना हा आधार पुरत नाही, तिथे आंध्राची नक्कल महागात पडेल.

टिकण्यात मात्र डीओआरबी सरस. मिलमध्ये तांदूळ पॉलिश करताना कोंड्यातलं लायपेज हे विकर (एन्झाइम) मोकळं होतं आणि तेल फोडू लागतं. थोड्याच दिवसांत कडू, खवट वास येतो. असा कोंडा माशाला घालू नये. उकड्या तांदळाचा कोंडा याला अपवाद, कारण वाफेनं ते लायपेज आधीच मेलेलं असतं, आणि तेलही २० टक्क्यांच्या वर जाऊ शकतं. भंडारा-गोंदियाकडे उसना (उकडा) तांदूळ काढणारी मिल जवळ असेल तर तिथे चौकशी करावी. डीओआरबी कोरड्या जागी महिनोन्महिने राहतो, ओल लागली तर बुरशी धरतो.

दुकानात ओळखायचं कसं? मूठभर घेऊन आवळा. साधा कोंडा मुठीत धरून राहतो, तळवा तेलकट होतो. डीओआरबी बोटांतून सुटून पडतो. शंका उरली तर चिमूटभर वर्तमानपत्रावर चोळून कागद उजेडासमोर धरा, डाग दिसला की तेल आहे. आणि बोटाला खरखरीत टोचलं तर पोत्यात तूस मिसळलेलं आहे.