तेवीस वजा अकरा

सोडिअमचा अणुअंक ११ म्हणून प्रोटॉन ११, अणू उदासीन म्हणून इलेक्ट्रॉनही ११, आणि अणुवस्तुमानांक २३ मधून ११ वजा केले की न्यूट्रॉन १२, हे शाळकरी विद्यार्थी अर्ध्या मिनिटात लिहून मोकळा होतो. यातल्या प्रत्येक संख्येला अर्थ मिळायला मात्र कित्येक दशके लागली.

मेंडेलीव्हने १८६९ मध्ये आवर्तसारणी मांडली, तेव्हा मूलद्रव्याचा क्रमांक म्हणजे अणुभाराच्या चढत्या ओळीतली केवळ जागा होती. आयोडीनचा अणुभार टेल्युरियमपेक्षा कमी असूनही गुणधर्म जुळावेत म्हणून त्याला पुढे बसवावे लागले आणि त्याचे कारण कोणालाच सांगता येत नव्हते. थॉमसनने १८९७ मध्ये इलेक्ट्रॉन शोधला, रदरफर्डने १९११ मध्ये अणुकेंद्रक दाखवले. पुढे व्हॅन डेन ब्रूक या डच वकिलाने सारणीतला क्रमांक म्हणजेच केंद्रकावरील धनप्रभार असावा, असे सुचवले.

ते पडताळले हेन्री मोझली या तरुणाने. १९१३ मध्ये मँचेस्टरला त्याने एकेका धातूवर इलेक्ट्रॉनांचा मारा करून निघालेल्या क्ष-किरणांच्या रेषा छायाचित्राच्या काचेवर टिपल्या. त्यांच्या वारंवारतेचे वर्गमूळ एका मूलद्रव्याकडून दुसऱ्याकडे जाताना ठरावीक पावलाने वाढत होते. कोबाल्टचा अणुभार निकेलपेक्षा किंचित जास्त. तरी या मोजणीत कोबाल्ट २७ वा आणि निकेल २८ वे ठरले. अणुअंकाला प्रयोगाचा आधार मिळाला तो येथे, आणि या साऱ्या इतिहासातले सर्वांत देखणे काम मला हेच वाटते. पहिल्या महायुद्धात, १० ऑगस्ट १९१५ रोजी, तुर्कस्तानातील गॅलिपोलीच्या रणांगणावर मोझली मारला गेला, तेव्हा तो अवघा २७ वर्षांचा होता.

अणुवस्तुमानांकाचा उलगडा समस्थानिकांमुळे, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वस्तुमानांच्या अणूंमुळे झाला. ही कल्पना सॉडीने १९१३ मध्ये मांडली होती. अॅस्टनने वस्तुमान-वर्णपटलेख या, अणूंना वस्तुमानानुसार वेगळे करणाऱ्या उपकरणाच्या साहाय्याने निऑनचे २० आणि २२ वस्तुमानांकांचे अणू वेगळे दाखवले.

तरीही न्यूट्रॉन अजून ठाऊक नव्हता. सोडिअमच्या केंद्रकात २३ प्रोटॉन असून त्यांतील १२ जणांचा प्रभार केंद्रकातच असलेले १२ इलेक्ट्रॉन नाहीसा करतात, अशी समजूत होती. नायट्रोजनने ती अडचणीत आणली: या हिशेबाने त्याच्या केंद्रकात १४ प्रोटॉन आणि ७ इलेक्ट्रॉन, म्हणजे २१ कण भरत, पण वर्णपटातील पुरावा कणांची संख्या सम असल्याचे सांगत होता. अखेर चॅडविकने १९३२ मध्ये बेरिलियममधून निघणाऱ्या प्रारणात न्यूट्रॉन ओळखला. तेवीस वजा अकरा बारा हे आधीही होतेच; पूर्वी ते बारा केंद्रकातले इलेक्ट्रॉन मानले जात, आता ते न्यूट्रॉन ठरले.